पटसंख्या आणि पटांगण

शाळेचा पट किती, हा प्रश्न वरकरणी फार साधा आहे. हजेरीपुस्तक उघडावे, नावे मोजावीत आणि आकडा सांगावा. आपल्याकडे या आकड्यावर शिक्षकांची पदे मंजूर होतात, तुकड्या टिकतात किंवा बंद पडतात; त्यामुळे पटाचा विषय निघाला की मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठी उमटते. अमेरिकेतील ओहायो राज्यात हा आकडा आणखी एका कामी येतो. शाळेच्या फुटबॉल संघाने कोणत्या गटात उतरायचे, हे तेथे पटावरून ठरते. गेल्या पन्नास वर्षांत त्या राज्यातील सरकारी शाळा आणि कॅथलिक शाळा यांच्यात जो वाद वारंवार उफाळून आला, त्याचे मूळ एवढ्याच प्रश्नात आहे : कॅथलिक शाळेतील मूल मोजायचे कसे?

खेळाच्या मैदानावरचा म्हणून हा वाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मूल कोणाचे, त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी करायचा आणि ते कोणत्या समाजाचे म्हणून ओळखले जायचे, या जुन्या भांडणाचाच तो एक फाटा आहे. ते भांडण समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत सार्वजनिक शाळांची उभारणी सुरू झाली. नावाने त्या सर्वांच्या होत्या. परंतु त्यांत प्रॉटेस्टंट पंथीयांचे किंग जेम्स बायबल वाचले जाई, प्रार्थनाही त्याच वळणाच्या असत आणि क्रमिक पुस्तकांतून पोपविषयी व कॅथलिकांविषयी बरेवाईट, बहुधा वाईटच, लिहिलेले असे. आयर्लंड व जर्मनीतून बोटी भरभरून आलेल्या गरीब कॅथलिकांची मुले याच शाळांत जात. १८४० साली न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी नगरसभेपुढे उभे राहून मागणी केली की, शाळांसाठी जो सार्वजनिक निधी आहे, त्यातील वाटा कॅथलिक शाळांनाही मिळावा. कारण कर कॅथलिकही भरतात. मागणी फेटाळली गेली. १८४२ च्या कायद्याने पंथीय शिक्षण देणाऱ्या कोणत्याही शाळेला हा पैसा मिळणार नाही, असे ठरले. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात याच बायबलच्या प्रश्नावरून दंगली पेटल्या आणि त्यांत दोन कॅथलिक चर्च जळून खाक झाली.

ओहायो राज्याने आपल्या १८५१ च्या राज्यघटनेत लिहून ठेवले की, राज्याच्या शिक्षणनिधीवर कोणत्याही धर्मपंथाचा विशेष हक्क वा ताबा असणार नाही. हे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे. पावणेदोनशे वर्षांनी ते पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. पुढे १८७५ मध्ये जेम्स ब्लेन या काँग्रेस सदस्याने असेच कलम साऱ्या देशाच्या राज्यघटनेत घालण्याचा प्रयत्न केला. सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते न मिळाल्याने तो बारगळला, तरी एकामागून एक राज्यांनी आपापल्या घटनांत ते कलम घालून घेतले.

मधल्या काळात सिनसिनाटी शहरात एक विलक्षण गोष्ट घडता घडता राहिली. १८६९ मध्ये तेथील शिक्षणमंडळ आणि काही कॅथलिक मंडळी यांच्यात कॅथलिक शाळा सार्वजनिक शाळांत विलीन करण्याची बोलणी चालली होती. कॅथलिकांची अडचण दूर व्हावी म्हणून मंडळाने शाळांतील बायबलवाचनच बंद केले. विलीनीकरण बारगळले, बायबलबंदी मात्र राहिली आणि ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे कॅथलिकांसाठी शाळा निधर्मी झाल्या, आणि निधर्मी झाल्या म्हणून त्या कॅथलिकांना पुन्हा नकोशा वाटू लागल्या! इतिहासात अशी गंमत असते.

अखेर १८८४ साली बॉल्टिमोर येथे अमेरिकेतील बिशपांची तिसरी महापरिषद भरली आणि तिने निर्णय दिला : ज्या धर्मग्रामात शाळा नाही तेथे दोन वर्षांच्या आत ती उभी राहिली पाहिजे आणि कॅथलिक आईवडिलांनी आपली मुले तिथेच पाठवली पाहिजेत. सरकारचा पैसा नाही, तर आपला पैसा. येथे आपल्या वाचकाने क्षणभर थांबून तुलना करावी. आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क तर दिलाच, शिवाय अनुदान देताना शासनाने त्यांना डावलू नये, असेही बजावले. आपल्या कितीतरी मिशनरी शाळांतील शिक्षकांचा पगार शासनाकडून येतो, आणि त्यात आपल्याला नवल वाटत नाही. अमेरिकेतील कॅथलिक शाळेच्या शिक्षकाला शासनाकडून पगार मिळत नव्हता, आजही तसे अनुदान नाही. शाळा असण्याचा हक्कसुद्धा त्यांना झगडून मिळवावा लागला. १९२२ मध्ये ऑरेगन राज्याने प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा केला. त्यामागे कू क्लक्स क्लान या कॅथलिकद्वेष्ट्या संघटनेचे बळ होते. धर्मभगिनींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. मूल केवळ राज्याचे नव्हे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. त्याचा खर्च कोणी करायचा, ते मात्र तसेच राहिले.

तो खर्च कोणी केला? उत्तर एका शब्दात देता येते : सिस्टरांनी. रविवारच्या दानपेटीतून इमारती उभ्या राहिल्या हे खरे. परंतु वर्षामागून वर्षे त्या इमारतींत जीव ओतला तो व्रतस्थ स्त्रियांनी. नाममात्र मानधनावर, पन्नास-साठ मुलांच्या वर्गांपुढे त्या उभ्या राहिल्या. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत जवळजवळ १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या आणि कॅथलिक शाळांत सुमारे ५२ लाख मुले शिकत होती. जगाच्या इतिहासात सरकारी मदतीवाचून उभ्या राहिलेल्या शाळांचे एवढे मोठे जाळे क्वचितच सापडेल. त्याचा हिशेब मात्र कोणी नीट मांडला नाही, कारण त्यातील सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे सिस्टरांचे श्रम, कधी जमाखर्चात लिहिलीच गेली नाही.

याच वाढीच्या काळात फुटबॉल आला. हा फुटबॉल म्हणजे आपण वसईच्या किंवा गोव्याच्या मैदानावर पाहतो तो नव्हे. चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचे, डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्याला चिलखत. एका वेळी अकरा खेळाडू मैदानात, परंतु चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे, शिवाय दुखापतींमुळे बाकावर आणखी तितकेच. शंभर मुले असलेली शाळा येथे आठशे मुलांच्या शाळेपुढे टिकाव धरू शकत नाही. म्हणून पटानुसार गट पाडावे लागतात. बास्केटबॉलला पाच जण पुरतात. फुटबॉलला मनुष्यबळ लागते.

स्थलांतरित कॅथलिकांना हा खेळ मनापासून भावला. इंडियाना राज्यातील नोत्रदाम हे कॅथलिक विद्यापीठ १९१३ मध्ये लष्कराच्या संघाला हरवून एका दिवसात देशभर गाजले, आणि ज्यांना नोकरीच्या जाहिरातींत व सभ्य वस्त्यांत दारे बंद होती अशा आयरिश, पोलिश, इटालियन घरांतून त्या संघाचे नाव अभिमानाने घेतले जाऊ लागले. १९३० मध्ये शिकागोचे बिशप बर्नार्ड शील यांनी कॅथलिक युवक संघटना स्थापन केली. पुढे अनेक धर्मप्रांतांत धर्मग्रामाधर्मग्रामांच्या मुलांचे संघ तिच्या झेंड्याखाली सामने खेळू लागले. या संघांतून तयार झालेली मुले नववीत कॅथलिक हायस्कूलला जात. एका धर्मग्रामाच्या शाळेत आठवीपर्यंत शिकायचे आणि मग आसपासच्या पंधरा-वीस धर्मग्रामांतील मुलांबरोबर एका मोठ्या हायस्कूलमध्ये जायचे, असा तो क्रम होता.

पुढच्या वादाची ठिणगी नेमकी येथे आहे. अमेरिकेतील सरकारी हायस्कूलला हद्द असते. त्या हद्दीत राहणारी मुले तिची. नदीपलीकडचा तगडा मुलगा कितीही चांगला खेळत असला तरी तो पलीकडच्या शाळेचा. कॅथलिक हायस्कूलला अशी हद्द नसते. तिची हद्द म्हणजे श्रद्धेची, आणि फी परवडण्याची.

ओहायोमध्ये फुटबॉलचे वेड जुने आहे. मॅसिलन आणि कॅन्टन या दोन पोलाद-शहरांच्या शाळांचा सामना १८९४ पासून चालत आला आहे. राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेची स्थापना १९०७ ची. परंतु १९७१ पर्यंत फुटबॉलचा राज्यविजेता पत्रकारांच्या व प्रशिक्षकांच्या मतांवरून ठरवला जाई. १९७२ मध्ये प्रथमच मैदानावर बाद फेऱ्या सुरू झाल्या आणि पटावरून तीन गट पाडण्यात आले. मोजायची ती फक्त मुले, मुली नव्हेत; त्यामुळे हजार मुलग्यांची कॅथलिक शाळा आणि दोन हजार मुलामुलींची सरकारी शाळा एकाच तागडीत बसू लागली. पुढे १९८० मध्ये पाच गट झाले, १९९४ मध्ये सहा आणि २०१३ मध्ये सात. सर्वांत वरच्या गटात राज्यातील सर्वांत मोठ्या ७२ शाळाच ठेवल्या गेल्या.

मैदानावर निकाल लागू लागताच जे दिसले, त्याने सरकारी शाळांचे डोळे विस्फारले. सिनसिनाटीत १९६० साली मेरियानिस्ट ब्रदर्सच्या हाती सोपवलेली, आर्चबिशप हेन्री मोलर यांच्या नावाची एक मुलांची शाळा उघडली होती. जेरी फॉस्ट नावाचा, भक्तिमान आणि अखंड उत्साही असा तरुण तिचा प्रशिक्षक होता. १९७५ ते १९८० या सहा वर्षांत मोलर हायस्कूलने सर्वांत मोठ्या शाळांच्या गटात पाच वेळा राज्यविजेतेपद मिळवले. फॉस्ट यांना १९८१ च्या हंगामासाठी थेट नोत्रदामच्या मुख्य प्रशिक्षकपदावर बोलावण्यात आले. हायस्कूलच्या मैदानावरून तेथे एकदम उडी हा एक चमत्कारच होता. (तेथे त्यांना फारसे यश लाभले नाही आणि पाच वर्षांनी ते पायउतार झाले, परंतु सिनसिनाटीत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.) मग क्लीव्हलंडच्या येशूसंघीय सेंट इग्नेशियस हायस्कूलची पाळी आली. तेथील चक काइल हे वर्गात इंग्रजी शिकवीत आणि सायंकाळी फुटबॉल. १९८८ ते २०११ या काळात त्यांच्या संघाने अकरा वेळा राज्यविजेतेपद पटकावले. सिनसिनाटीचीच सेंट झेवियर ही गोव्याच्या संताचे नाव धारण करणारी येशूसंघीय शाळा, अ‍ॅक्रनची होबन, लेकवुडची सेंट एडवर्ड अशी आणखी नावे सांगता येतील. राज्यातील सदस्य शाळांत खाजगी शाळांचे प्रमाण सहाव्या हिश्श्याच्या आसपास; विजेतेपदांतील त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा.

सरकारी शाळांची तक्रार उघड होती : हे लोक चांगले खेळाडू वेचून घेतात. कॅथलिक शाळांचे उत्तरही ठरलेले होते : आम्ही कोणाला ओढून आणत नाही, पालक स्वखुशीने आणि पदरचा पैसा मोडून मुले पाठवतात, आमच्याकडे शिस्त आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य होते. संघटनेच्या नियमांनी खेळासाठी मुले फूस लावून आणणे निषिद्ध मानले आहे. परंतु ज्या शाळेला हद्दच नाही, तिला नियम न मोडताही शहरभरातील मुले मिळतात, हे कॅथलिकांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे होते. उलट, ही शिस्त, ही चिकाटी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही जवळीक हेरगिरीने खेळाडू गोळा करून येत नाही, हे सरकारी शाळांनी ओळखायला हवे होते. या दुसऱ्या मुद्द्याचा पुरावा ओहायोतच आहे, आणि तो कॅथलिक शाळेत नाही.

राज्याच्या पश्चिम सीमेजवळ मर्सर परगण्यात मारिया स्टाइन नावाचे खेडे आहे. १८४० च्या दशकात फादर फ्रान्सिस ब्रुनर यांच्याबरोबर अमूल्य रक्त मिशनसंघाचे धर्मगुरू स्वित्झर्लंडहून येथे आले आणि त्यांनी आसपासच्या जर्मन शेतकऱ्यांमध्ये चर्चमागून चर्च उभारले. सपाट शेतांतून मैलोन्‌मैल दूरवरून क्रूस मिरवणारे मनोरे दिसतात, म्हणून त्या प्रदेशाला त्यावरूनच नाव पडले आहे. लोकवस्ती जवळजवळ सारी कॅथलिक. येथली मॅरियन लोकल ही शाळा सरकारी आहे, हद्दीतल्याच मुलांची आहे, आणि लहान आहे. या शाळेने २००० ते २०२४ या काळात लहान शाळांच्या गटांत पंधरा वेळा राज्यविजेतेपद मिळवले. मोलर किंवा सेंट इग्नेशियस यांनाही जे साधले नाही ते या शेतकरी खेड्याने साधले. ना फी, ना व्हाउचर, ना बाहेरून आलेला खेळाडू. धर्मग्राम, गाव आणि शाळा यांच्या सीमा येथे एकमेकींवर बसल्या, त्यामुळे मूल कोणाचे हा प्रश्नच येथे उद्‌भवला नाही.

असो. बाकीच्या राज्यात तो उद्‌भवलाच होता. सरकारी व खाजगी शाळांच्या स्पर्धा वेगळ्या कराव्यात, हा ठराव ओहायोत १९७८ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये मुख्याध्यापकांच्या मतदानात पडला. अन्य राज्यांनी आपापल्या वाटा शोधल्या. टेक्सासमध्ये सरकारी शाळांच्या संघटनेने खाजगी शाळांना दूरच ठेवले. २००३ पासून डॅलस आणि ह्यूस्टन येथील दोन येशूसंघीय शाळांना तेवढा प्रवेश मिळाला. टेनेसीने १९९७ मध्ये खेळाडूंना फीसवलत देणाऱ्या खाजगी शाळांचा वेगळा गट केला. इलिनॉयने २००५ मध्ये सरळ गुणाकाराचा मार्ग धरला : खाजगी शाळेचा पट १.६५ ने गुणायचा आणि जो आकडा येईल त्या गटात तिला बसवायचे. म्हणजे चारशे मुलांची कॅथलिक शाळा कागदोपत्री सहाशे साठ मुलांची झाली! आपल्याकडे फुगवलेला पट हा गुन्हा ठरतो. तेथे तो नियम ठरला. पेनसिल्व्हानियात मात्र उलट वारे वाहिले. तेथे १९७२ च्या कायद्याने खाजगी शाळांना सरकारी शाळांच्या संघटनेचे दार उघडले, तरी फिलाडेल्फियाच्या कॅथलिक शाळांचा संघ आपल्या स्वतंत्र चुलीवर २००८ पर्यंत समाधानी राहिला.

एकीकडे पटांगणावर असा गलबला चालू असताना दुसरीकडे पट ओसरत चालला होता, आणि ही गोष्ट चषकांच्या झगमगाटात फारशी कोणाच्या ध्यानी येत नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतरच्या वर्षांत व्रतस्थ जीवनाकडे येणाऱ्या मुलींची संख्या झपाट्याने घटली. वर्गांत सिस्टरांच्या जागी प्रापंचिक शिक्षक आले; त्यांना संसार होते, त्यांना पगार द्यावा लागला, आणि पगारासाठी फी वाढवावी लागली. कॅथलिक कुटुंबे शहरातील जुने धर्मग्राम सोडून उपनगरांत गेली. १९६५ चे ५२ लाख १९९० च्या सुमारास २५ लाखांवर आले. गेल्या काही वर्षांत हा आकडा १७ लाखांच्या आसपास आहे. त्या १ लाख ८० हजार धर्मभगिनींपैकी आणि त्यांच्यामागून आलेल्यांपैकी आज ४० हजारही उरल्या नाहीत. मोठी हायस्कुले तगली. बंद पडल्या त्या बहुतेक धर्मग्रामांच्या प्राथमिक शाळा. ज्यांच्या अंगणातून ही हायस्कुले भरत होती, त्याच.

अशा वेळी व्हाउचरची कल्पना पुढे आली. व्हाउचर म्हणजे शासनाने पालकाच्या नावे काढलेली एक हुंडीच म्हणा ना. पालकाने ती आपल्या पसंतीच्या शाळेत वटवायची. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये बाजारपेठेच्या दृष्टीने ती मांडली. मार्केट विद्यापीठातील येशूसंघीय फादर व्हर्जिल ब्लम यांनी त्याच दशकात ती पालकांच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडली. प्रत्यक्षात ती आणली मात्र गरिबांच्या नावाने, आणि गरिबांच्याच आग्रहाने. १९९० मध्ये मिल्वॉकी शहरात पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींच्या पुढाकाराने पहिली योजना सुरू झाली. तीत आरंभी धार्मिक शाळा नव्हत्या. १९९६ मध्ये ओहायोच्या क्लीव्हलंड शहरात दुसरी सुरू झाली आणि तीत धार्मिक शाळा पहिल्यापासून होत्या. तेथेही फॅनी लुइस या कृष्णवर्णीय वस्तीतील नगरसेविकेने तिचा हिरिरीने पुरस्कार केला. १९९९-२००० या वर्षी क्लीव्हलंडच्या सुमारे ३,७०० व्हाउचरधारक मुलांपैकी ९६ टक्के मुले धार्मिक शाळांत होती. त्यांतली बरीच कुटुंबे कॅथलिक नव्हती, हे विशेष.

२७ जून २००२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी क्लीव्हलंडची योजना वैध ठरवली. पैसा शाळेला शासन देत नाही, पालक आपल्या निवडीने देतो, असा त्या निकालाचा गाभा होता. बिशप ह्यूज यांनी मागितलेला वाटा १६२ वर्षांनी असा आडवळणाने मिळाला. ओहायोने पुढे व्हाउचर राज्यभर नेले आणि २०२३ मध्ये तर ते जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला खुले केले. कमी उत्पन्न असेल तर हायस्कूलसाठी वर्षाला ८,४०७ डॉलरपर्यंत, उत्पन्न वाढेल तशी रक्कम कमी. एका वर्षात या विस्तारित योजनेतील मुले काही पटींनी वाढली, पण खाजगी शाळांचा एकूण पट थोडासाच वाढला. नव्या व्हाउचरांपैकी बहुतेक अशा मुलांना मिळाले, जी आधीच या शाळांत होती. फी भरता भरता मेटाकुटीला आलेल्या कुटुंबांना तो दिलासा होता, यात शंका नाही. तरीपण गरिबांच्या नावाने उघडलेले दार हळूहळू कोणासाठी रुंद होत गेले, हा प्रश्न कॅथलिक माणसाने स्वतःलाच विचारायला हवा.

आता पुन्हा पटांगणाकडे. २०११, २०१२ आणि २०१३ अशी ओळीने तीन वर्षे ओहायोतील मुख्याध्यापकांनी गटवारी बदलण्याच्या ठरावांवर मतदान केले. पहिल्या ठरावात तर शाळेच्या पूर्वीच्या विजयांचा आणि गरीब मुलांच्या प्रमाणाचाही हिशेब धरला होता. तिन्ही ठराव थोडक्या मतांनी पडले. काही परगण्यांतील शाळा आता वेगळ्या स्पर्धांचीच मागणी करू लागल्या. अखेर मे २०१४ मध्ये ४११ विरुद्ध ३२३ मतांनी नवा नियम संमत झाला आणि २०१७ च्या हंगामापासून तो लागू झाला.

हा नियम इलिनॉयच्या गुणाकारापेक्षा पुष्कळ विचारपूर्वक केलेला आहे. तो सबंध शाळेचा पट फुगवत नाही. संघाच्या यादीतील एकेका मुलाकडे पाहतो. सरकारी शाळेचा मुलगा हद्दीतला असेल तर तो एकच मोजायचा. हद्दीबाहेरचा असेल तर त्याचे वजन अधिक धरायचे. आणि कॅथलिक शाळेचा? तिला हद्द नाही, मग तिचा ‘आतला’ मुलगा कोणता? तर शाळेने अगोदर नोंदवलेल्या पूरक शाळेतून सातवीपासून अखंडपणे आलेला मुलगा आतला. त्याच शिक्षणपरंपरेतील दुसऱ्या शाळेतून आलेला थोडा बाहेरचा. आणि सरकारी शाळेतून आलेला पुरता बाहेरचा. त्याचे वजन सर्वांत जास्त. हे वजन पटात मिळवायचे आणि मग गट ठरवायचा. हा आकडा किती, ते प्रत्येक खेळाला वेगळे.

या नियमाने जे केले ते त्याच्या कर्त्यांच्या मनात होते की नाही, कोण जाणे. हायस्कूलच्या आतले आणि बाहेरचे मूल ओळखण्याची खूण म्हणून त्यांनी जी शाळा धरली, ती बहुतेक ठिकाणी धर्मग्रामाचीच शाळा आहे. एका निधर्मी क्रीडा संघटनेने आपल्या नियमपुस्तकात १८८४ च्या बॉल्टिमोर परिषदेची सीमारेषा अशा रीतीने उतरवून घेतली. राज्याच्या दृष्टीने व्हाउचर घेऊन नववीत आलेला गरीब, कदाचित कॅथलिक नसलेला मुलगा एक. त्याच्यामागे एक हुंडी. मैदानाच्या दृष्टीने तोच मुलगा एकापेक्षा अधिक. आणि धर्मग्रामाच्या शाळेत वाढलेला मुलगा दोन्हीकडे एकच.

अडचण एवढीच की, ती धर्मग्रामाची शाळाच नाहीशी होत आहे. क्लीव्हलंडच्या धर्मप्रांताने २००९-१० मध्ये सुमारे ५० धर्मग्राम बंद केले. त्यांतील डझनभर धर्मग्रामांतील लोकांनी रोमकडे दाद मागितली आणि २०१२ मध्ये त्यांची चर्चे पुन्हा उघडली गेली. शाळा अशा सहज पुन्हा उघडत नाहीत. जेथे पूरक शाळा बंद पडते तेथे हायस्कूलला मुले मिळतात ती बाहेरून. म्हणजे पट कमी आणि वजन जास्त. दुर्बल होत चाललेली शाळा कागदावर बलवान दिसू लागते.

२४ जून २०२५ रोजी ओहायोतील एका न्यायाधीशांनी राज्यभरातील व्हाउचर योजना राज्यघटनेविरुद्ध ठरवली. आधार होता १८५१ च्या घटनेतील शिक्षणविषयक त्याच कलमाचा. अपिलाचा निर्णय लागेपर्यंत योजना चालू ठेवण्याची मुभाही त्याच निकालाने दिली. त्यामुळे दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, हंगाम नेहमीप्रमाणे सुरू झाला. शुक्रवारच्या रात्री मैदानांवर दिवे लागले, आणि त्याही वर्षी प्रत्येक कॅथलिक हायस्कूलला आपल्या संघाची यादी देताना खेळाडूच्या नावापुढे तो सातवीत कोणत्या शाळेत होता, ते लिहून द्यावे लागले.